खडकावरची बिऱ्हाडं

सर पहिल्यांदा खडकावर पालथे पडले तेव्हा मी हॉर्न वाजवला होता. म्हाताऱ्या माणसाला भोवळ आली, आता हे निस्तरणं आपल्या गळ्यात, एवढंच मनात आलं. सर उठले नाहीत. एक हात वर करून त्यांनी गप्प बसायची खूण केली. मी व्हॅन बंद केली, चपला हातात घेतल्या आणि दगड-चिखल तुडवत त्यांच्यापर्यंत गेले. ते एका रिकाम्या फोटोफ्रेममध्ये तोंड घालून खडक बघत होते. फ्रेम जुनी, लाकडी, कोपऱ्यांत सोनेरी वेलबुट्टी. काच काढून टाकलेली.

"सर, बरं आहे ना?"

"उत्तम आहे. तुमची सावली तेवढी हलवा. आत्ताच कुणीतरी दार उघडलं होतं. तुम्ही आलात आणि लावून घेतलं."

मी सावली हलवली. दुसरं काय करणार?

माझा धंदा शाळेच्या व्हॅनचा. नवीन पनवेलच्या सेक्टरांतली मुलं सकाळी शाळेत सोडायची, दुपारी घरी आणायची, उरलेल्या वेळात मिळेल ते भाडं घ्यायचं. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जुन्या पनवेलात तळ्याजवळ एकटे राहायचे. वर्षानुवर्षं एसटीनं उरण आणि पुढे रिक्षानं किनारा, असा त्यांचा क्रम. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांना कुणीतरी माझा नंबर दिला. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथी पाळता का?"

"संकष्टीचा उपास करते."

"संकष्टीचा काही उपयोग नाही. अमावास्या आणि पौर्णिमा मोकळ्या ठेवा."

अमावास्येला समुद्रावर जाणारं गिऱ्हाईक म्हटल्यावर सासूबाईंनी व्हॅनला नवं लिंबू-मिरची बांधलं. कारण अगदी साधं होतं. त्या दोन तिथींच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं आणि एरवी झाकलेला खडक उघडा पडतो. सर त्या वेळांवरच जगायचे. जेवण, झोप, डॉक्टर, सगळं ओहोटी बघून. पौर्णिमेच्या लग्नाला ते जात नसत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत तेव्हा म्हणाले, "लग्नाचा व्हिडिओ असतो."

मला ते 'चालक' म्हणायचे. "काय चालक, निघायचं?" गुडघ्यांना फरशी बसवणाऱ्या कारागिरांचे पॅड, डोक्याला पंचा, काखेत ती फ्रेम. फिरायला आलेले लोक थांबायचे. "काका, काही हरवलंय का? अंगठी?"

"नाही हो," सर मान वर न करता सांगायचे, "सगळं इथंच आहे."

मी आपली व्हॅनमध्ये बसून मेथी निवडायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांनी हाक मारली, "चालक, इकडे या. भाजी पळून जाणार नाही."

खडक साधारण आठ माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढा. एका अंगानं समुद्राकडे उतरत गेलेला. सरांनी फ्रेम ठेवली आणि म्हणाले, बघा. मी बघितलं. मला घाण दिसली. काहीतरी पांढरं, काहीतरी हिरवं, काहीतरी बुळबुळीत. घरी असती तर मी ती घासून काढली असती.

"दिसली घाण? आता कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हलू नका."

मी हलले नाही. आणि मग ती घाण एकेक करून जिवंत व्हायला लागली. जे खडकाचे फोड वाटत होते ते पांढरे शंकू होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, प्रत्येकाच्या टोकाला बंद दार. सर त्यांना बार्नॅकल म्हणत. मधल्या भेगेत मिरीसारखे काळे शंख दाटीनं बसलेले. एक कालव रिकामं होतं असं वाटलं तर त्याच्या शिंपल्यात नखाएवढा खेकडा बसून माझ्याकडे बघत होता. त्या शिंपल्याच्या पाठीवर शंकू. शंकूच्या पाठीवर आणखी एक बारका शंकू. खळग्यातल्या पाण्यात तपकिरी डाग होता तो हळूच उमलला, समुद्रफूल झाला. एका कवचाची नुसती टोपी खडकावर ठेवल्यासारखी दिसत होती. सरांनी सांगितलं, की हा टोपीवाला पाणी आलं की शेवाळ चरत फिरतो आणि ओहोटीआधी अचूक आपल्या जागेवर परत येतो. घासून घासून त्याच्या कडा खडकाला अशा बेतलेल्या असतात, की ती जागा दुसऱ्या कुणाला होतच नाही.

"वरची हद्द ऊन ठरवतं," सर म्हणाले. "तिच्यावर गेलात तर वाळून मराल. खालची हद्द शेजारी ठरवतात. तिच्याखाली आलात तर कुणीतरी खाईल, नाहीतर अंगावर बसेल."

"म्हणजे आमच्या बिल्डिंगसारखंच. वर गच्ची गळते, खाली वडेवाला."

"तुमच्या एका खोलीत किती जण राहतात?"

"आम्ही चौघं."

"इथं तुमच्या तळहाताएवढ्या जागेत बघा. जागा थोडी. प्रत्येकाला ती सगळी हवी. मग अजून कुणी एकानं ती घेतली का नाही?"

हाच एक प्रश्न घेऊन हा माणूस तरुणपणापासून या एका खडकाकडे येत होता. प्राचार्याची जागा मिळत होती ती सोडली, कारण ते कॉलेज घाटावर होतं. कुणी म्हणे लग्नही त्यापायीच राहिलं. मला हे वेडेपणाचं वाटायला हवं होतं. पण मी अजून त्या फ्रेमकडे बघत होते आणि फ्रेमच्या आतलं संपत नव्हतं.

प्रश्नाचं अर्धं उत्तर शेजारच्या धाकट्या खडकावर होतं. एक खडबडीत, करडा शंख असतो. तो कालवावर बसतो, जिभेनं त्याच्या शिंपल्याला भोक पाडतो आणि आतलं मांस खातो. धाकट्या खडकावरचे असे सगळे शंख सर दर खेपेला वेचून दूर नेऊन सोडायचे. वर्षानुवर्षं. मी एक कालव असं मरताना पाहिलं होतं, त्यामुळे माझी बाजू ठरलेली होती.

"चांगलं करताय. काढून टाका मेल्यांना."

सर हसले. "मग आता नीट बघा काय झालंय."

धाकटा खडक कडेपासून कडेपर्यंत कालवांनी भरला होता. नुसती कालवं. हिरवं नाही, टोपीवाला नाही, फूल नाही. पांढरे शंकू कुठेतरी काठाला, हाकलून दिल्यासारखे.

"एकाच आडनावाचं गाव झालं," सर म्हणाले. "जो खातो तोच जागा मोकळी करतो, चालक. तो गेला की सगळ्यात दांडगा असतो तो बाकीच्यांना बाहेर काढतो. आणि तेही काही वाईटपणानं नाही. नुसतं वाढून."

मी व्हॅनमध्ये परत आले. मेथी तशीच पडली. एवढी वर्षं संसार केला, धंदा केला, माणसं पाहिली, आणि ही गोष्ट मला एका दगडावर कळायची होती.

पुढे सर गाडीतही तेच बघायला लागले. एकदा त्यांना दुपारीच निघायचं होतं म्हणून मुलं घरी सोडता सोडता त्यांना बरोबर घेतलं. मागे खिडकीवरून धुमश्चक्री. मी ओरडणार तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. तुम्ही वळण घेतलंत की सगळे घसरतात, जो खिडकीत असतो त्याची पकड सुटते, मग दुसऱ्याला मिळते. रस्ता सरळ असता तर तो जाडा एकटाच खिडकीत बसला असता."

"म्हणजे मी खड्ड्यातून गाडी घालू?"

"पनवेलमध्ये वेगळं घालावं लागत नाही."

रागावायचे मात्र एकाच गोष्टीसाठी. कुणी किनाऱ्यावरचा दगड उलटून खाली खेकडे शोधले आणि तसाच टाकून पुढे गेलं, की सर गुडघ्यांचे पॅड सांभाळत त्यांच्या मागे धावायचे. "अहो, छप्पर! कुणाचं तरी छप्पर उडवून चाललात! परत ठेवा, होतं तसं!" लोक घाबरून परत ठेवायचे. सर वाकून कड जुळली का ते बघायचे.

आता शेठबद्दल सांगायला हवं. सरांचा हा जुना विद्यार्थी. उरणकडच्या गावातला, मिठागरवाल्यांच्या घरचा. जमिनी गेल्या, पैसा आला, आता जासईला त्याच्या कंटेनरच्या गाड्या. सरांनी त्याला एकाहून जास्त वेळा नापास केलं होतं आणि तो सरांना देव मानायचा. सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यानं सत्कार ठरवला. हॉल नको, म्हणाला. मला फोन आला.

"ताई, रविवारी सकाळच्या ओहोटीला सरांना घेऊन या. सत्कार तिकरंच, सरांच्या दगडापाशी. पन सांगू नका. सरप्राइज हाय."

आम्ही पोचलो तर वाळूत खुर्च्या, बॅनर, माइक. गावातली पंधरा-वीस माणसं. आणि खडक.

मला आधी तो ओळखूच आला नाही. वरपासून खालपर्यंत खरवडून, धुऊन, पांढरा ऑइलपेंट मारलेला. त्यावर लाल अक्षरांत सरांचं संपूर्ण नाव, प्राध्यापक धरून. खाली निळ्या रंगात 'सागर वाचवा'. भोवती झेंडूचा हार.

"मानसं लावली सर," शेठचा चेहरा आनंदानं फुलला होता. "काय घान होती! कालवा, शेवाल, त्या पांढऱ्या टोच्या, सगला पटाशीनं काढला. बाजूचा पन साफ केलाय. आता पाय ठेवा बगा, नाय घसरनार तुमी."

सर पुढे गेले. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा त्यांनी खडकावर हात ठेवला. रंग पुरता वाळला नव्हता. तळवा लाल झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनं शाल घातली, श्रीफळ दिलं, माइक हातात दिला. सरांनी माइक तोंडाशी धरला.

"अक्षर छान आहे," एवढंच म्हणाले.

परतीला ते मागच्या सीटवर बसले. एरवी पुढे बसायचे. मला कुणाची समजूत घालता येत नाही, मी पाण्याची बाटली मागे दिली. जासईपाशी कंटेनरच्या रांगेत अडकलो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर.

"मी बोलू का शेठला?" मी विचारलं.

"काय बोलणार? त्यानं आपल्या परीनं माझं घर सारवून दिलंय."

ट्रेलर हलला, थांबला. आरशात बघितलं तर सर आपल्या लाल तळव्याकडे बघत होते. आता रडतात की काय, म्हणून मी आरसा थोडा फिरवला.

"चालक."

"काय सर?"

"रिकामा खडक मी कधी पाहिलाच नाही हो." आवाज वेगळा होता. "मी पहिल्यांदा आलो तेव्हा सगळे आधीपासून राहत होते. पहिलं कोण येतं, त्याच्या मागून कोण, कोण कुणाला जागा करून देतं, मी सगळं पुस्तकातलं शिकवलं. डोळ्यांनी नाही पाहिलं." मग, "पुढची अमावास्या कधी आहे?"

"खडक परत भरायला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"दिवस?" सर हसले. "माझ्याकडे आहेत त्याहून जास्त."

त्यानंतर आमच्या खेपांना घाई आली. पूर्वी सर खडकाला वेळ द्यायचे, आता खडकाकडे वेळ मागायला जायचे.

शेठला कुणाकडून तरी कळलं असावं, कारण तो एका संध्याकाळी आमच्या मागोमाग किनाऱ्यावर आला. तोंड पडलेलं.

"ताई, सर रागावलेत का?"

"तुम्ही त्यांचं आयुष्य खरवडून काढलंत," मी सांगितलं. खोटं कशाला बोलू?

तो गार पडला. मग सरांजवळ जाऊन म्हणाला, "सर, गारीत थिनर हाय. रंग काढू का आत्ताच्या आत्ता?"

"खबरदार!" सर एवढ्या जोरात ओरडले की बगळे उडाले. "आता या खडकाला कुणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच नाही." आणि मग त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "ये. बस. हात लाव. कसं लागतंय?"

"हात लावू नको बोललात ना?"

"मी सांगितल्यावर लावायचा. कसं लागतंय?"

"बुलबुलीत."

"ती बुळबुळ म्हणजे आलेत. डोळ्यांना न दिसणारे. सगळ्यांत पहिले ते."

मग शाईचा हात फिरवल्यासारखी हिरवट झाक आली. मग एका संध्याकाळी सरांनी हाक मारली ती मी व्हॅनमध्ये काचा वर असून ऐकली. फ्रेम त्यांनी खडकाला टेकवून धरली होती. त्यांच्या आडनावावरच्या मात्रेवर खसखशीएवढा एक ठिपका होता.

"बार्नॅकल," ते कुजबुजले. देवळात बोलतात तसं. "हे लहानपणी समुद्रात मोकळं पोहत असतं. आयुष्यात एकदाच जागा निवडायची. डोकं टेकवायचं, चिकटवायचं, भोवती घर बांधायचं आणि मग जन्मभर त्याच जागी पाय बाहेर काढून, पाण्यातून खाणं ओढत राहायचं. परत उठणं नाही."

"आणि निवडताना काय बघतं?"

"आपल्या जातीचं कुणी आधी बसलंय का, हे मुख्यतः."

"पण इथं तर कुणीच नव्हतं. मग हे पहिलं कशाच्या भरवशावर बसलं?"

सरांनी फ्रेम पुन्हा त्या ठिपक्यावर ठेवली. समोर केवढा समुद्र. त्यातून हा एक कण येऊन एका मात्रेवर डोकं टेकवतो. घोट्यांपर्यंत पाणी आलं तेव्हा आम्ही दोघं उठलो.

पुढच्या ऋतूत पहिली कालवं आली. त्यांच्या मागून एके दिवशी तो करडा, भोक पाडणारा शंख आला. सरांनी शेठच्या पाठीवर थाप मारली. "आला! आता काळजी नाही." शेठला काही कळलं नाही, पण त्यानंही "आला, आला" केलं. पलीकडच्या खडकांवर कालवं फोडणाऱ्या बायका हसायच्या. "काय बाबा, भारेकरी मिलले का?"

"मिळाले. भाडं देत नाहीत!"

"आमी पन नाय देनार!" त्या ओरडायच्या आणि खुशाल कालवं फोडायच्या. सर त्यांना कधी अडवत नसत. त्याही जागा मोकळी करतात, म्हणायचे.

गुडघे गेले, मग दम गेला. शेठ दोन माणसं आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायचा, सरांना खुर्चीसकट खडकापाशी न्यायचा. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या ओहोटीला सरांना वाकताही येईना. त्यांनी फ्रेम माझ्याकडे दिली.

"चालक, आज तुम्ही."

मी त्यांचे पॅड गुडघ्यांना बांधले आणि पालथी पडले. शेठनं माझ्यावर छत्री धरली. सर खुर्चीत डोळे मिटून बसले.

"सांगा."

"वर मिरीवाले आहेत. भेगेत. त्यांच्याखाली पांढरे, दाट, 'प्राध्यापक' दिसत नाही आता. टोपीवाला एक आहे, त्यानं आपल्याभोवती चरून वाटोळं अंगण केलंय. अंगणात लाल रंग दिसतो. बाकी हिरवं. खाली चार... नाही, बरीच कालवं. 'सागर' अर्धा गेला."

"आणि तो?"

मी करडा शंख शोधला. "आहे. एका कालवावर बसलाय."

"बसू दे," सर म्हणाले. "फुलं?"

"नाही. फूल नाही अजून."

"ते उशिरा येतं," असं म्हणून त्यांनी डोळे उघडले आणि खडकाकडे नाही, समुद्राकडे पाहिलं.

पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर जाता येत नाही. सर आषाढात गेले. शेठनं सगळं केलं, पुतण्यापेक्षा जास्त. फ्रेम माझ्या व्हॅनच्या मागच्या सीटखाली होती ती तिथेच राहिली.

नवरात्रानंतरच्या पौर्णिमेला शेठचा फोन आला. "ताई, ओहोटी हाय." मुलं सोडून मी निघाले. किनाऱ्यावर तो आधीच उभा होता, हातात चपला. पावसाळ्याच्या लाटांनी खडकाचा एक टवका उडवला होता आणि त्या ताज्या जखमेवर आत्ताच हिरवट झाक होती. बाकी खडक भरला होता. पूर्वीसारखा नाही, जागा वेगळ्या, शेजार वेगळे, पण भरलेला. मी फ्रेम ठेवली. तीन शिट्ट्यांएवढा वेळ थांबले. खळग्याच्या तळाला, जिथं निळ्या रंगाचा 'वा' होता, तिथं तपकिरी डाग होता. मी माझी सावली हलवली. डाग उमलला.

"नाव गेला की ओ, ताई," शेठ मागून म्हणाला. "काय दिसत नाय." आणि पुढे, "परत रंगवून..." आणि स्वतःच जीभ चावली. मग तो खाली वाकला, पायानं हललेला एक दगड उचलून त्यानं जसा होता तसा ठेवला, कड जुळवून.

पाणी वळलं. पहिली लाट खडकाच्या पायथ्यावरून वर आली तशी खालच्या रांगेतल्या शंकूंची दारं उघडली आणि हजारो बारीक पाय एकदम बाहेर येऊन पाणी ओढायला लागले. मग वरची रांग. मग त्याच्या वरची. आम्ही मागे मागे सरत गेलो.

सरांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते एकदा मोठ्या अक्षरांत लिहून झालं आहे. त्या जागेवर आता दुसरे राहतात, आणि त्यांना उठवायचा मला अधिकार नाही.